बिडाचा की स्टील पाइपचा? जुन्या डिझेल गाडीचा टर्बो मॅनिफोल्ड

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून टर्बोकडे नेणारा भाग. रोजच्या गाडीला बिडाचाच घ्या. स्टेनलेस पाइप वेल्ड केलेला हलका असतो, धुराला वाटही मोकळी देतो. पण 304 जातीचे स्टेनलेस स्टील तापल्यावर बिडाच्या जवळपास दीडपट प्रसरण पावते आणि वर टर्बोचे वजन लटकलेले. भर मे महिन्यात भरलेली गाडी चाळीसगावहून कन्नड घाट चढू लागली की ताण येतो तो वेल्डच्या कडेवर, तडाही तिथेच जातो. स्टीलचा लावायचाच तर टर्बोला इंजिन ब्लॉकवरून आधारपट्टी हवीच. बिडाचा जड, पण टर्बो पेलतो.

बसवणी दोन्हींची सारखी. फ्लँजवर, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेवर, सरळपट्टी ठेवून खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, 0.15 मिमीहून जास्त फट असेल तर फेसिंग करून, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्या. मधले गॅस्केट (गळती रोखणारा पातळ थर) नवेच. गंजका स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) इंजिनाच्या हेडमध्ये तुटला तर मोठे काम निघते, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडा. नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळा; एम8 (8 मिमी) स्टडच्या नटला साधारण 20-25 न्यूटन-मीटर, मात्र मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. इंजिन तापून पूर्ण थंड झाले की नट पुन्हा तपासा. गॅस्केटच्या कडेला काजळी दिसली तर गळती आहे. बूस्टही, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, त्यामुळेच उशिरा येतो.