मारिओच्या नावावर माझे १४४ डॉलर ४० सेंट गेले. तो फोटो तुमच्याकडेही येईल, नीट बघा

परवा एका मैत्रिणीने लिंक पाठवली. "तू हा गेम शोधत होतीस ना? सील्ड मिळतोय, घेऊ का?" लिंक उघडली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोच फोटो. तोच टेबलाचा कोपरा, डाव्या बाजूला अर्धवट दिसणारी तीच पांढरी वायर आणि टीव्हीवर किल्ल्यासमोर उभा असलेला मारिओ. विक्रेत्याचं नाव तेवढं नवीन, आणि भाव १५ डॉलरने वाढवलेला.

दीड वर्षापूर्वी हाच फोटो बघून मी एका विक्रेत्याला पैसे पाठवले आणि फसले. तक्रारी सोडल्या तर हे मी घराबाहेर कुणालाही बोलले नव्हते. लाज वाटत होती. पण मी गप्प बसले म्हणूनच तो फोटो अजून फिरतोय, असं परवा रात्री वाटलं आणि लिहायला बसले.

सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्सबद्दल खेळणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. मारिओ ६४ (१९९६), सनशाइन (२००२) आणि गॅलक्सी (२००७), तीन जुने गेम निन्टेंडो कंपनीच्या स्विच कन्सोलच्या एका कार्डात. १८ सप्टेंबर २०२० ला आला, किंमत ५९.९९ डॉलर, आणि ३१ मार्च २०२१ नंतर विक्री बंद, हे कंपनीने आधीच जाहीर केलेलं. तेव्हा लोकांत दोन तट पडले होते. एक तट म्हणायचा, बालपण परत मिळालं, आणखी काय पाहिजे. दुसरा म्हणायचा, जुनेच गेम जरा घासूनपुसून पूर्ण किमतीला विकताय, गॅलक्सी २ कुठंय, आणि मारिओ ६४ अजून चौकोनी पडद्यातच का? मी या दुसऱ्या तटातली. म्हणून घेतला नाही. वाद घालत बसले आणि सहा महिने निघून गेले.

२०२४ च्या मे महिन्यात दादाचा चाळिसावा वाढदिवस होता. मारिओ ६४ मला त्यानेच शिकवला. घरी कंट्रोलर एकच, त्याचा मारिओ मेला की माझी पाळी. बर्फाच्या घसरगुंडीवरून तो हसत हसत खाली जायचा आणि मी प्रत्येक वळणाला दरीत पडायचे. त्याला तो गेम डब्यासकट हातात द्यायचा, एवढंच डोक्यात होतं. हे सांगतेय कारण "एवढी हाव कशाला केलीस" असं मला दोन जणांनी ऐकवलंय. हाव नव्हती. स्वस्तात मिळतंय म्हणून मी धावले नव्हते, दुप्पट पैसे मोजायची तयारी होती माझी.

एका मोठ्या खरेदी-विक्रीच्या साईटवर लिस्टिंग सापडलं. सील्ड, "अतिशय दुर्मिळ", ११८ डॉलर. विक्रेत्याच्या पानावर चाळीसेक रिव्ह्यू, सगळे पाच तारे. मी ते एकेक करून वाचले, घाईत काही केलं नाही. आणि इथेच पहिली ठेच लागायला हवी होती. एका रिव्ह्यूत लिहिलं होतं, "अप्रतिम! मारिओ ६४ मधली उलट्या लांब उडीने न संपणारा जिना चढायची जुनी ट्रिक अजून चालते." वाचून मला हसू आलं, दादाला ही गंमत दाखवता येईल म्हणून. अहो, ती ट्रिक या कलेक्शनमध्ये चालतच नाही. यातला मारिओ ६४ जपानमध्ये १९९७ साली आलेल्या सुधारित आवृत्तीवरून घेतलाय आणि त्या आवृत्तीत ती उडी बंद केलेली आहे. हे मला माहीत होतं. २०२० मध्ये मी स्वतः यावरून लोकांशी भांडले होते! ज्याने हा गेम कधी हातात धरला नाही त्याने तो रिव्ह्यू लिहिला होता आणि मी तो वाचून खूश झाले.

"दुर्मिळ" या शब्दाचंही तेच. ९० लाखांहून जास्त प्रती विकल्या गेलेला गेम आहे हा. दुकानातून गेला म्हणजे जगातून संपला असं होत नाही. पण "आता मिळत नाही" हे वाक्य डोक्यात बसलं की माणूस आकडे विसरतो, आणि या लोकांचा सगळा धंदा त्या एका वाक्यावर चालतो.

मग विक्रेत्याशी बोलणं सुरू झालं. गोड, नम्र, दर दोन मिनिटांनी उत्तर. म्हणाला, साईट फार कमिशन कापते, थेट व्यवहार केलात तर १०५ ला देतो, वर पोस्टाचे १६. पैसे पाठवताना "मित्र किंवा नातेवाईक" हा पर्याय निवडा म्हणजे फी पडणार नाही. होय, हा सापळा मला माहीत होता. तुम्हालाही माहीत असेल. त्या पर्यायाने पाठवलेले पैसे म्हणजे तुम्ही राजीखुशीने दिलेली भेट, त्याला खरेदीचं संरक्षण नसतं. मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, "साहजिक आहे, विश्वास कसा ठेवणार? थांबा, गेम चालू असल्याचा फोटो पाठवतो."

आणि तो फोटो आला.

या फोटोवर मी किती रात्री काढल्यात ते मलाच ठाऊक. किल्ल्यासमोर मारिओ, हिरवळ, वर आकाश, आणि चित्र टीव्हीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं. पूर्ण पडदाभर! थ्रीडी ऑल-स्टार्समधला मारिओ ६४ पडदाभर दिसूच शकत नाही. सनशाइन दिसतो, गॅलक्सी दिसतो, पण ६४ जुन्या टीव्हीच्या मापातच ठेवलाय, डावीउजवीकडे काळे पट्टे येतात. खेळणाऱ्यांची सगळ्यात मोठी कुरकुर तीच होती आणि त्या काळ्या पट्ट्यांवर मी स्वतः पानंच्या पानं लिहिली होती. फोटोत पट्टे नव्हते. तो कुठल्या तरी कॉम्प्युटरवर चालवलेल्या आवृत्तीचा फोटो होता.

आणि मला तेव्हा काहीतरी खटकलं होतं. फोन जरा लांब धरून मी पुन्हा बघितलं होतं. काय खटकतंय हे ओठांवर आलं होतं, तेवढ्यात त्याचा पुढचा मेसेज आला, "अजून एक जण विचारतोय, अर्धा तास थांबतो." आणि मी फोटो बंद करून पैशांचं ॲप उघडलं. तीन सेकंद. आणखी तीन सेकंद थांबले असते तर हे काही लिहायची वेळ आली नसती.

शिवाय गेम सील्ड आहे म्हणतो, तर तो टीव्हीवर चालतोय कसा? हे मी विचारलं होतं बरं का. "तो माझ्या स्वतःच्या कॉपीचा फोटो आहे," उत्तर तयार होतं. प्रश्न विचारला म्हणजे आपण सावध आहोत असं वाटतं, आणि उत्तर आलं की ते तपासायचं राहूनच जातं.

१२१ डॉलर गेले. आठ दिवसांनी मेसेज आला, पार्सल कस्टममध्ये अडकलंय, सोडवायला २३ डॉलर ४० सेंट भरा, नाहीतर परत जाईल. वाढदिवसाला अकरा दिवस उरले होते. भरले. कस्टमची रक्कम विक्रेत्याच्या खात्यात कधीच भरायची नसते, ती पार्सल आणणारा मागतो किंवा सरकार मागतं. हे मी आज सांगतेय.

पार्सल आलं, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग. आलंच नसतं तर निदान आधी कळलं असतं. डबा, वर प्लास्टिक, सगळं जागच्या जागी. कव्हरची छपाई थोडी फिकी वाटली, बारकोडच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या. गिफ्ट आहे म्हणून मी सील उघडलं नाही. वाढदिवसाच्या संध्याकाळी दादाने उघडलं. सगळे भोवती बसलेले. त्याने कार्ड घातलं आणि पडद्यावर मासेमारीच्या एका भिकार गेमचा आयकॉन उगवला. त्याने कार्ड काढून पुन्हा घातलं. पुन्हा मासे.

कार्ड हातात घेऊन मी नखाने लेबलचा कोपरा उचलला. खाली दुसरं लेबल होतं, निळ्या कडेचं. मारिओचं लेबल घरच्या प्रिंटरवर छापून वर चिकटवलेलं, एका बाजूला केसभर बाहेर आलेलं. दादा म्हणाला, "असू दे गं, मला आठवण झाली हेच खूप." त्याने असं म्हटल्यावर मला आणखी रडू आलं.

नंतर एकाने शहाणपणा शिकवला, "चाटून बघायचं होतंस." या कार्डांना कडू द्रव्याचा लेप असतो, लहान मुलांनी गिळू नये म्हणून, हे खरं आहे. पण माझं कार्ड कडूच होतं. कार्ड अस्सल होतं, गेम दुसरा होता! त्या परीक्षेच्या नादी लागू नका. आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीशेजारी कार्ड ठेवून, ते कन्सोलमध्ये घालून, आयकॉन येऊन गेम सुरू होईपर्यंतचा न तोडलेला व्हिडिओ मागा. सील्ड आहे म्हणून व्हिडिओ देता येत नाही म्हणाला तर सील्ड घेऊच नका. खेळायचाय ना तुम्हाला? मग उघडलेला घ्या.

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांचं ऐका.

साईटला लिहिलं. तीन दिवसांनी छापील उत्तर: व्यवहार आमच्या साईटबाहेर झाला, आम्ही जबाबदार नाही. ठीक, चूक माझी. पण ते खातं तर तुमच्याच साईटवर आहे? ते खोटे रिव्ह्यू तुमच्याच पानावर आहेत? त्यावर पुन्हा तेच उत्तर, तेच स्वल्पविराम. ज्या कंपनीमार्फत पैसे पाठवले ती म्हणाली, वैयक्तिक पेमेंट आहे, संरक्षण लागू नाही. बँकेत ४७ मिनिटं होल्डवर ठेवून चार विभागांत फिरवलं आणि शेवटी एक बाई म्हणाल्या, "मॅडम, ओटीपी तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत आहे." ओटीपी मीच टाकला, हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं! चोराने घरात शिरून नेलं तर चोरी आणि गोड बोलून दारातून नेलं तर अधिकृत?

सायबर तक्रारीच्या फॉर्ममध्ये प्रकार निवडायचा होता. वस्तू मिळाली नाही, असा पर्याय होता. भलतीच वस्तू मिळाली, असा नव्हता. "इतर" निवडलं. सहा आठवड्यांनी फोन आला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "म्हणजे व्हिडिओ गेमच ना? पार्सल तर मिळालंय तुम्हाला." मी लेबलखालच्या लेबलचे फोटो पाठवू का विचारलं. म्हणाला, गरज नाही. रक्कम छोटी आहे, माणूस परदेशी आहे, मॅडम, पुढच्या वेळी काळजी घ्या. १४४ डॉलर छोटी रक्कम असेल. पण त्या पानावर तेव्हाच चाळीस रिव्ह्यू होते. त्यातला प्रत्येक रिव्ह्यू खोटा धरला तरी माझ्यासारखी निदान काही माणसं त्यामागे असणारच, आणि त्या प्रत्येकाला कुणीतरी छोटी रक्कम म्हणूनच वाटेला लावलं असणार. सगळ्यांच्या छोट्या रकमा एकत्र करून बघणं हे कुणाचं काम आहे? मी चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी हात वर.

तुमच्यापैकी कुणी आज हा गेम शोधत असेल तर आधी एवढं बघा: मारिओ ६४ ऑक्टोबर २०२१ पासून स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वाच्या वरच्या पॅकमध्ये आहे. गॅलक्सीचे दोन्ही भाग २ ऑक्टोबर २०२५ ला स्विचवर रीतसर परत आलेत. म्हणजे ज्या गेमसाठी मी दुप्पट पैसे मोजले त्यातला एक तेव्हाच सरळ मार्गाने मिळत होता, दुसरा दीड वर्षात आला. दुकानातून गेलेला गेम "आता कधीच मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर त्याचा त्यात काय फायदा आहे ते आधी विचारा.

फोटो आला की तो पूर्ण बघा. मारिओ ६४ असेल तर दोन्ही बाजूंचे काळे पट्टे शोधा. तोच फोटो सर्चमध्ये टाकून बघा, मी आता टाकला तर तीन ठिकाणी निघाला. आणि "अर्धा तास थांबतो" म्हणणाऱ्याला थांबू द्या.

परवाचं ते नवीन लिस्टिंग मी लगेच रिपोर्ट केलं, माझ्याकडचा जुना फोटो शेजारी ठेवून. काल उत्तर आलं: तपासणी केली, धोरणाचं उल्लंघन आढळलं नाही. आज सकाळी पुन्हा पान उघडलं तर त्यावर "विकलं गेलं" असं आलंय. तो घेणारे तुम्ही असाल तर पार्सलची वाट बघू नका. आजच बँकेला लेखी कळवा, सगळे मेसेज तारखेसकट जपून ठेवा, कस्टमचे पैसे मागितले तर भरू नका, आणि डबा उघडाल तेव्हा पहिल्या सेकंदापासून व्हिडिओ चालू ठेवा. माझा मासेवाला डबा, कार्ड आणि सगळे स्क्रीनशॉट अजून माझ्याकडे आहेत. तक्रारीला जोडायला लागले तर मागा, त्याच दिवशी पाठवते.