जुन्या पीसीला एसएसडी बसवली: एका लग्नसराईनंतरचा अनुभव

आमच्या डीटीपीच्या दुकानातलं मुख्य मशीन जुनं आहे. दुसऱ्या पिढीचा कोअर आय३, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि ५०० जीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. हा चिपसेट २०११ साली आला, त्यावरून वयाचा अंदाज येईल. तुळशीच्या लग्नाच्या आधी, म्हणजे पत्रिकांची गर्दी सुरू व्हायच्या तोंडावर, त्यात ४८० जीबीची साधी साटा एसएसडी बसवली. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, आणि साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत. आता अख्खी लग्नसराई त्यावर काढल्यावर लिहिते आहे.

बसवण्याआधी सगळीकडून एकच ऐकलं होतं: एच६१ला साटा ३, म्हणजे साटाची दुप्पट वेगाची आवृत्ती नाही, एसएसडी घालून पैसे वाया जातील. पहिला भाग खरा आहे. त्या बोर्डवर साटा २च आहे, सेकंदाला ३ गिगाबिटचं. एसएसडीच्या खोक्यावर सेकंदाला ५५० एमबीच्या आसपासचा आकडा छापलेला असतो, माझ्याकडे जेमतेम २७० मिळतात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे डीटीपीवाल्यांनी तरी समजून घ्यायलाच हवं.

आमच्या मशीनवर श्रीलिपीचे आणि इतर मिळून शेकडो फॉन्ट आहेत. कोरल, म्हणजे आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर, उघडलं की ते हे फॉन्ट एकेक करून चाळतं. प्रत्येक फॉन्ट म्हणजे एक छोटी फाइल, आणि डिस्कवर त्या कुठेकुठे विखुरलेल्या. ७२०० आरपीएमच्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, म्हणजे हवी ती जागा हेडखाली (डिस्क वाचणाऱ्या भागाखाली) यायला सरासरी ४ मिलिसेकंद जातात. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकायला आणखी ८-९. अशा विखुरलेल्या फाइली सेकंदाला ऐंशीच्या आतच वाचून होतात. दुकानातल्या पोऱ्याला प्रत्येक पुडीसाठी वेगळं माळ्यावर चढायला लावलं तर गिऱ्हाईक जसं ताटकळेल, तसं प्रोसेसर ताटकळत होता. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. साटा २ची मर्यादा मोठी सलग फाइल वाचताना आड येते, छोट्या फाइलींना ती जाणवतही नाही.

प्रत्यक्षात काय झालं? विंडोज १० सुरू होऊन हात लावण्याजोगं व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली असायची. आता पंचवीसेक सेकंदांत काम सुरू. कोरलला मिनिटभराहून जास्त लागायचं, ते दहा-बारा सेकंदांवर आलं. गिऱ्हाईक समोर बसून ‘ताई, मुलीकडच्या मामांचं नाव राहिलं’ म्हणतं, तेव्हा जुनी फाइल शोधून, उघडून, दुरुस्ती दाखवेपर्यंत त्याचा चहाही संपत नाही. ऐन सीझनला याची किंमत पैशात सांगता येणार नाही.

जे बदललं नाही तेही सांगते. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर फोटोशॉपचा फिल्टर लावला की पूर्वीइतकाच वेळ जातो. मोठी पीडीएफ काढतानाही तसंच. तिथे काम प्रोसेसरचं आहे, डिस्कचा संबंध थोडाच. रॅम ४ जीबीच असेल तर ती आणि एसएसडी दोन्ही एकदमच करा. रॅम भरली की विंडोज डिस्कचा आधार घेतं, एसएसडीवर ते कमी बोचतं, पण रॅमची सर येत नाही.

ज्या दिवशी जुनी कामं एसएसडीवर कॉपी करायला घेतली, त्या दिवशी वेग सुरुवातीला चांगला होता आणि मध्येच कोसळला. स्वस्त एसएसडीत वेगवान लिखाणाची राखीव जागा भरली की असं होतं. रोजच्या कामात तिथवर वेळ येत नाही. तरी मी जुनी हार्ड डिस्क काढली नाही, ती डी ड्राइव्ह म्हणून ठेवली आणि गिऱ्हाइकांच्या फाइली तिच्यावरच जातात, शिवाय एक प्रत बाहेरच्या डिस्कवर. हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते, एसएसडी काही न सांगता बंद पडू शकते. आणि ट्रिम (डिलीट झालेली जागा एसएसडीला कळवणारी विंडोजची सोय) चालू असताना एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा धरू नका.

झिजेची भीती मात्र अवाजवी आहे. या आकाराच्या एसएसडींना साधारण १२० टीबी लिखाणाची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी ६,००० दिवस. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो मला अजून ९९ टक्के दाखवतं.

बसवताना दोन गोष्टी पाहा. अशा जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) साटा बहुधा आयडीई या जुन्या मोडवर असतं. विंडोज टाकण्याआधीच ते एएचसीआय या नव्या मोडवर करा, नंतर तसंच बदललं तर विंडोज बहुधा सुरूच होत नाही. दुसरं, ५०० जीबीची डिस्क ४८०वर क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने) सरळ क्लोन होत नाही, नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी लागते. मी विंडोज नव्याने टाकलं. सगळे फॉन्ट आणि लायसन्स परत बसवण्यात पूर्ण दिवस गेला, पण वर्षानुवर्षांचा गाळही निघाला.

राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १०चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे हे मशीन त्यात बसत नाही. म्हणून बँकेचे व्यवहार आणि ईमेल मी दुसऱ्या मशीनवर नेलेत, इथे फक्त पत्रिका, बिलबुकं आणि फ्लेक्स. अजून दोन सीझन यावर निघावेत. मग नवं मशीन घेईन तेव्हा हीच एसएसडी त्यात दुसरी डिस्क म्हणून लावेन, साटाचे पोर्ट आजच्या डेस्कटॉप बोर्डांवरही असतात.