आठ महिने, तीन माणसं आणि तीन वेगळे जीपीएस

घरात नेव्हिगेशन तिघांना लागतं, बाबांना गाडीत, मला बाईकवर आणि ताईला ट्रेकला. आधी वाटायचं फोन आहे ना प्रत्येकाकडे, वेगळं यंत्र कशाला, पण आठ महिन्यांत माझं मत पार बदललं.

बाबांचं आधी सांगतो. वय ६८, फोनवर मॅप लावला की नेमकं वळणाच्या तोंडाशी कोणाचा तरी कॉल यायचा आणि ते गोंधळायचे. एकदा तर काचेजवळ लावलेला फोन उन्हाने इतका तापला की भर चौकात स्क्रीन काळी झाली, मागून हॉर्न, आणि बाबा घामाघूम. त्यानंतर त्यांनी नेव्हिगेशनचं नावच टाकलं. मग ७ इंची वेगळं नेव्हिगेटर घेतलं, गाडीच्या चार्जरवर चालतं, नकाशा आतच भरलेला, आवाज मोठा, आणि मुख्य म्हणजे त्यावर कॉल-मेसेज येत नाहीत. आता ते एकटे लांब जातात, मला याचा फार आनंद आहे.

कमी बाजूही आहे. नकाशा आपणच अपडेट करायचा, नाहीतर नव्या बायपासवर गाडी शेतातून चाललेली दिसते. फोन जोडल्याशिवाय ट्रॅफिक कळत नाही. आणि फ्लायओव्हर! आम्ही खालच्या रस्त्याला आणि ते समजतंय आम्ही वर, कारण जीपीएसला उंची तेवढी नीट कळत नाही, फोनचंही तेच होतं, म्हणून पुलाआधी पाटी वाचायचीच.

बाईकवर मी नवा फोन हँडलला लावायचो, ते बंद केलं. इंजिनच्या व्हायब्रेशनने कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन (फोटो हलू न देणारी यंत्रणा) बिघडू शकतं, असं अॅपलनेच २०२१ मध्ये सांगितलंय. शिवाय पावसाचे थेंब पडले की टच आपोआप दाबला जातो, मॅप कुठल्या कुठे सरकतो. आता फोन खिशात आणि हेल्मेटमधल्या ब्लूटूथवर फक्त ऐकतो. वळण चुकतं कधीकधी, चालतं, पुढे नवा रस्ता सांगतोच.

ताईचं हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचं जीपीएस, बटणांचं आहे, साध्या सेलवर चालणारं, ग्लोव्हज घालूनही दाबता येतं. रेंज नसली की जीपीएस बंद असं खूप जणांना वाटतं, तसं नाहीये. सिग्नल २०,२०० किलोमीटरवरच्या सॅटेलाइटकडून येतो, त्याला इंटरनेट लागत नाही, इंटरनेट लागतं ते नकाशाला. म्हणून फोनवरही ऑफलाइन मॅप आधी उतरवून ठेवला तर काम भागतं, फक्त नेटची मदत नसल्याने पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो, मोकळ्या जागी उभं राहून थांबायचं. दरीत आणि दाट झाडीत ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो, सॅटेलाइटच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सींवरचे सिग्नल घेणारं यंत्र तिथे बरंच सावरून घेतं. मागच्या ट्रेकला धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं, तेव्हा ताईने जाताना यंत्रात नोंदलेला स्वतःचाच ट्रॅक (चाललेली वाट) उलटा धरला आणि सगळ्यांना खाली आणलं.

आता मामा बाबांचंच नेव्हिगेटर मागतायत, ट्रकसाठी. मी नाही म्हटलं. गाडीच्या नेव्हिगेटरला पुलाखालची उंची, वजनाची मर्यादा यातलं काही ठाऊक नसतं, ट्रकसाठी वेगळं नेव्हिगेटर येतं त्यात उंची, लांबी, वजन टाकता येतं. आधी ट्रकची उंची मोजून ठेवा म्हणून सांगितलंय, माल भरलेला असताना.