सायबर सुरक्षेचा निधी आधी कोणत्या खात्याला?

निधी एकाच खात्यापुरता आहे आणि मागणी तिघांची आहे: नागरिकांच्या नोंदी ठेवणारं केंद्रीय कार्यालय, सरकारी रुग्णालयं आणि महापालिका. अशा वेळी वर्षभरात कुणावर किती हल्ले झाले याचा तक्ता हमखास मागवला जातो. त्यावर निर्णय घेऊ नका. ज्याची देखरेख चांगली, त्याच्याकडे नोंदी जास्त. ज्याला घुसखोर दिसतच नाही, त्याचा रकाना कोरा.

त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. चोरीला गेलेली माहिती बदलता येईल का? आणि काम ठप्प झालं तर किती वेळ निभेल?

नोंदींचं कार्यालय पहिल्या प्रश्नावर अडकतं. अमेरिकेच्या सरकारी कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांच्या पार्श्वभूमी तपासणीची माहिती चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. त्यात ५६ लाख जणांच्या बोटांचे ठसे होते. पासवर्ड बदलता येतो, ठसे जन्मभर तेच राहतात. घुसखोर तिथे कित्येक महिने होते. म्हणजे अशा कार्यालयात काम सुरळीत चाललंय हा सुरक्षिततेचा पुरावा धरता येत नाही.

रुग्णालयांचं उलट आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा संगणकातल्या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत सुमारे १९,००० अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. रुग्णांची माहिती चोरीला गेल्याचं आढळलं नाही, पण उपचार थांबले. वॉनाक्राय विंडोजमधल्या ज्या त्रुटीतून शिरला, तिच्यावरचा पॅच म्हणजे दुरुस्तीचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, हे मला सर्वांत अस्वस्थ करतं. अर्थात स्कॅनिंगच्या यंत्राला जोडलेला जुना संगणक सहज अपडेट करता येत नाही. त्याला निदान वेगळ्या नेटवर्कवर ठेवता येतं.

महापालिका या दोन्हींच्या मध्ये बसते. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात २०१९ च्या रॅन्समवेअर (खंडणीच्या) हल्ल्यानंतर पाणीबिलं आणि घरांचे खरेदी-विक्री व्यवहार अडले. नुकसानीचा अंदाज १ कोटी ८० लाख डॉलरच्या वर गेला. लोकांना त्रास झाला, पण काही आठवडे कागदावर काम रेटता येतं.

म्हणून माझं मत रुग्णालयांच्या बाजूने आहे. तिथे निभावून नेण्याचा वेळ तासांत मोजावा लागतो, आणि नेटवर्कची विभागणी व ऑफलाइन बॅकअप यांवरचा खर्च लगेच उपयोगी पडतो. नोंदींच्या कार्यालयाने निधीची वाट न बघता गरज संपलेल्या नोंदी काढून टाकाव्यात आणि लॉगिनला पासवर्डशिवाय ओळख पटवण्याचा दुसरा टप्पा लावावा. तेवढंही झालेलं नसेल आणि साठ्यात बोटांचे ठसे असतील, तर मात्र मी हा क्रम बदलेन.

एक तपासणी आधीच करा: तिघांचं सॉफ्टवेअर एकाच पुरवठादाराचं आहे का? २०२० मध्ये सोलरविंड्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या, हल्लेखोरांनी बिघडवलेल्या अपडेटमधून अमेरिकेच्या अनेक सरकारी खात्यांत एकाच वाटेने शिरकाव झाला होता. तसं असेल, तर पहिला खर्च त्या पुरवठादाराच्या तपासणीवर करा.