तलंगा म्हणून घेतलेले ८७ कोंबडे

पहाटे साडेतीनला मांगरातून, म्हणजे कुळागरातल्या खोपीतून, आरव सुरू झाला. एकाने सूर लावला, मग दुसऱ्याने, आणि दोन मिनिटांत अख्खी भजनी मंडळी. बॅटरी घेऊन धावलो. शेजारच्या काकी पदर खोचत कुंपणापाशी आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाबा, हातूंत एकूय कोंबी ना रे!" म्हणजे, यात एकही कोंबडी नाही.

नऊ आठवड्यांपूर्वी हीच पिल्लं मी 'निवडलेल्या सुधारित गावठी तलंगा', म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या माद्या, म्हणून नगाला १४० रुपये देऊन आणली होती. १२० नग.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. पूर्वी खाणीवर मशीन चालवायचो. मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, मग वेर्ण्याला कारखान्यात पाळ्या केल्या. वडील गेल्यावर कुळागर माझ्याकडे आलं. पोफळी, थोडे माड, एक पडका मांगर, आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळात आडवा झालेला जुना फणस. पुढच्या वर्षभरात बाहेरची पांढरी लाकडं किडीने खाल्ली, पण आतला गाभा पिवळाधमक होता. तो जळणाला घालायचा जीव होईना. सॉ मिलला न्यायचा तर आमच्या वाटेने ट्रक उतरत नाही.

नेमकी त्याच दिवसांत मोबाइलवर जाहिरात आली. 'स्वावलंबी शेतघर, तीन दिवसांचं निवासी शिबिर. चेनसॉने जागच्या जागी फळ्या काढा, कोंबड्या पाळा, खत करा.' फी १४,५००. जागा फोंड्याच्या पुढे, एक भाड्याचं कुळागर. ते भाड्याचं होतं हे नंतर कळलं.

शिकवणारा माणूस अडाणी असता तर मी वाचलो असतो. त्याला काम येत होतं. पहिल्याच सकाळी त्याने ओंडक्यावर अॅल्युमिनियमची शिडी सपाट बसवून स्क्रूने आवळली, चेनसॉच्या बारला, म्हणजे चेन फिरते त्या पात्याला, मिलची (फळ्या काढायची) चौकट जोडली आणि शिडीच्या आधाराने पहिला काप घेतला. वरचा गोल भाग निघाला आणि खाली टेबलासारखं सपाट लाकूड. पुढच्या फळ्यांना शिडी लागत नाही, आधीचा कापच वाट दाखवतो, हेही त्याने करून दाखवलं. चेनला कानस कशी मारायची ते हात धरून शिकवलं. फळ्या सावलीत, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचायच्या, इंचाला साधारण एक वर्ष वाळू द्यायच्या. हे सगळं खरं आहे. आजही मी तसंच करीन. पण या खऱ्या गोष्टींनी तो आमच्या मनात शिरला आणि तिसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर त्याने किटचा कागद पुढे केला तेव्हा आम्ही तो वाचलाच नाही.

किट म्हणजे मिलसकट चेनसॉ ४२,००० आणि १२० पिल्लं १६,८००. अंडी तोच १२ रुपयांना परत घेणार, किनाऱ्यावरच्या हॉटेलांना देणार. एका कागदावर तसा करारही होता, साध्या. क्यूआर कोड स्कॅन केला तर पडद्यावर एका बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं, जीएसटीचा त्रास नको," म्हणाला. मी हसून बटण दाबलं. तिथेच थांबायला हवं होतं.

आता पिल्लांचं. अंड्यांसाठीच्या व्यापारी जातींत नर पिल्लू कुणालाच नको असतं. ते अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं अंगही धरत नाही, म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी नर वेगळे काढतात आणि ते मातीमोलाने विकले जातात. काही तपकिरी जातींत तर रंगावरूनच निवड होते, मादी तांबूस आणि नर फिकट पिवळा. माझ्या पिल्लांना तपकिरी रंग चढवला होता. खोका उघडला तेव्हा एकाच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि अंगठा चहाच्या डागासारखा झाला. बायको म्हणाली, "घाण असेल, धू." मी धुतला.

खोक्यासोबत एक शिक्क्याचा कागद होता, 'लसीकरण पूर्ण'. एक दिवसाच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण होऊच शकत नाही. हॅचरीत पहिल्या दिवशी मॅरेक्स रोगाची लस टोचतात. मानमोडी रोगाची लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब घालून द्यायची, गंबोरो रोगाची दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, आणि लासोटा पुन्हा चौथ्या आठवड्यात. हे मला पशुवैद्यांनी सांगितलं, तोवर ३१ पिल्लं गेली होती. माना पिळवटून, हिरवट पातळ हगत. शिबिरात ब्रूडरचं, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायच्या जागेचं, तापमान बरोबर शिकवलं होतं, पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. लसीवर मात्र एक अक्षर नाही, कारण "आपली पिल्लं लस केलेलीच येतात."

सहाव्या आठवड्यात तुरे लाल व्हायला लागले. फोटो पाठवला. उत्तर आलं, "खाद्य छान लागतंय भाऊ!" नवव्या आठवड्यात ती पहाट. उरलेल्या ८९ मध्ये तलंगा निघाल्या २.

मशीनची कथा तितकी लांब नाही. पहिली फळी निघाली, सात फुटांची, आणि मी आनंदाने ती छातीशी धरून फोटो काढून त्याला पाठवला. दुसऱ्या फळीच्या मध्यावर इंजिन किंचाळलं आणि जाम झालं. डिचोलीच्या मेकॅनिकने सिलिंडर काढला, पिस्टनवर उभे ओरखडे. त्याने कॅलिपर लावला. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४. हिशेब करा, ५४ सीसी होतात. बाहेर स्टिकर '७२ सीसी'चा. नखाने कोपरा उचलला तर खाली दुसरंच स्टिकर. उभ्या रेषेत फळी काढताना मशीन मिनिटंच्या मिनिटं फुल थ्रॉटलवर राहतं, त्याला साधारण ७० सीसीच्या वरचं इंजिन हवं. शिबिरातलं मशीन मोठं होतं, रंग मात्र तोच. तेलही चुकलं. त्याच्या मशीनला लिटरभर पेट्रोलला २० मिलि चालायचं, तेच त्याने आम्हाला लिहून दिलं. माझ्या मशीनच्या टाकीच्या झाकणावर २५:१ कोरलेलं, म्हणजे ४० मिलि. ते मी वाचलं होतं, आणि गुरूवर विश्वास ठेवला होता. चेनही आडव्या कापाची, दात ३० अंशांवर घासलेले. फळीच्या चेनला साधारण १० अंश लागतात. शिकवताना हे त्यानेच फळ्यावर काढून दाखवलं होतं, हे विशेष!

जाळी, कौलं, खाद्य धरून सगळे मिळून १ लाख १९ हजार गेले. फोन आधी वाजायचा, मग बंद लागायला लागला. पोलिसांनी अर्ज घेतला, पण माल मिळालाय म्हणजे व्यवहाराचा वाद, असं तिथलं म्हणणं पडलं. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला तो तीन महिन्यांनी. पैसे गेल्या गेल्या केला असता तर खातं गोठवायची काही आशा होती. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे.

कुणाला पिल्लं घ्यायचीच असतील तर जुन्या गोव्याला एला इथे आयसीएआरचं (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं) संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रही तिथेच. आधी तिथे जाऊन विचारा. ग्रामप्रिया, वनराजा या हैदराबादच्या संस्थेने परसासाठी काढलेल्या जाती. एक दिवसाची 'फक्त तलंगाच' देतो म्हणणाऱ्याला विचारा, नर-मादी ओळखली कशी? मशीन घेताना तुमचाच ओंडका, तुमच्यासमोर, विकत मिळणाऱ्याच मशीनवर कापून घ्या. आणि हो, उभं झाड पाडायचं असेल तर १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते. शिबिरात एका पेडण्याच्या मुलाने हे विचारलं तेव्हा "स्वतःच्या भाटातलं झाड, कोण बघतो?" असं उत्तर मिळालं होतं. तेव्हा सगळे हसले, मीसुद्धा.

कोंबडे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन खेपांत विकले. अंगावर मांस कमी, गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवायचं. खाद्याचेही पैसे सुटले नाहीत.

हे आज लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात पुतण्याने एक जाहिरात पाठवली. तेच शिबिर, नाव बदललेलं, जागा आता सावंतवाडीकडची. खाली 'आमचे यशस्वी प्रशिक्षणार्थी, पहिल्याच महिन्यात उत्पन्न सुरू' असं लिहून एक फोटो. चौकड्यांचा शर्ट, डोक्याला पंचा, छातीशी फणसाची सात फुटी फळी. तो माणूस मी आहे. दुसरी फळी अजून ओंडक्यात अर्धी अडकलेली आहे, कुणाला पाहायची असेल तर या.