कावा पावडर, १०० ग्रॅम: झोपेची गोळी चालू असेल तर हात लावू नका

पार्सल चौथ्या दिवशी अंजनगावात पोचलं. पाकीट नीट सीलबंद, पावडर ताजी. मातकट वास, पाण्यात कालवली की पहिल्या पुराच्या नाल्यासारखा रंग. घोट घेतला अन् दोन मिनिटांत जीभ बधिर, अक्कलकाढा चघळल्यासारखी. म्हणजे माल खरा होता, त्याबद्दल तक्रार नाही.

कावा म्हणजे फिजी, वानुआतू, टोंगा अशा प्रशांत महासागरातल्या बेटांवरच्या झुडपाचं मूळ. तिकडे ते कुटून, पाण्यात कालवून, गाळून पितात अन् पाव्हण्याला मानाने देतात. आमचा पानमळा आहे म्हणून एक गोष्ट वाचून मजा वाटली. नागवेल, मिरी, आमच्या भागातली पानपिंपरी अन् हा कावा, सगळ्यांच्या शास्त्रीय नावात ‘पायपर’ आहे. भावकीच म्हणा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “घरची पिंपरी व्यापाऱ्याले पडत्या भावात द्याची, अन् तिच्या चुलतबहिणीले चौदाशे रुपये मोजाचे. वा रे हुशारी!”

तर मला दीड वर्षापासून अल्प्राझोलम ही झोपेची-चिंतेची गोळी चालू होती. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी पाव मिलिग्रॅमची लिहून दिली होती. ते पंधरा दिवस काही संपले नाहीत. ही गोळी शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीतली. २०१४ पासून मेडिकलवाल्याला तिची वेगळी वही ठेवावी लागते. पण जुन्याच चिठ्ठीवर गोळ्यांचं पाकीट मिळत गेलं, अन् घेणारा मीच होतो, त्यामुळे बोट तरी कोणाकडे दाखवू? सहा महिन्यांनी पाववर झोप लागेना, अर्धा केला. दिवाळीनंतर अर्ध्यावरही रात्री दोनला डोळे टक्क उघडे. शरीर गोळीला सरावलं होतं. आणखी वाढवायची भीती वाटत होती, तेवढ्यात पुण्याच्या चुलतभावाचा फोन आला. “दादा, कावा घेऊन बघ, नॅचरल आहे, सवय लागत नाही.” पाकिटावरही तेच छापलेलं. आतल्या कागदावर वर असंही की पहिले काही दिवस जाणवणार नाही, चालू ठेवा, पुढे कमीच लागेल.

तीन रात्री खरंच काही जाणवलं नाही. चौथ्या रात्री मी एकाचे दोन चमचे केले, अन् गोळी होतीच. त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्री बाराला यायची. मोटर सुरू केली, धुऱ्यावर बसलो, एवढं आठवतं. पहाटे साडेचारला बायको बॅटरी घेऊन शोधत आली तेव्हा मी धुऱ्यावर आडवा, स्वेटर दवाने ओलाचिंब, अन् आमचं पाणी शेजाऱ्याच्या वावरात, फुलावरच्या हरभऱ्यात घोटाभर उभं. ती सांगते, मी प्रत्येक हाकेला “हो हो” म्हणत होतो, पण डोळे उघडत नव्हतो. दुपारपर्यंत तोंडातून शब्द जड निघत होते. शेजाऱ्याचा हरभरा पिवळा पडला. त्याची भरपाई मी पाकिटाच्या किमतीत धरलेली नाही.

अमरावतीच्या डॉक्टरांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. अल्प्राझोलम त्या ब्रेकचा जोर वाढवते, अन् कावाही, फक्त वेगळ्या जागेवरून. शिवाय लिव्हरमधलं जे एन्झाइम ही गोळी मोडतं, त्यालाच कावा अडवू शकतो, मग गोळी अंगात जास्त रेंगाळते. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात माझ्यासारख्याच एकाची नोंद आहे. ५४ वर्षांचा माणूस, अल्प्राझोलम चालू असताना तीन दिवस कावा घेतला अन् भान हरपलेल्या गुंगीत दवाखान्यात पोचला. त्याला आणखी दोन औषधं चालू होती, त्यामुळे सगळा दोष कावावर टाकता येत नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. कावाने लिव्हर बिघडतं का, हा वाद वेगळाच. २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याने, इशारा दिला, त्याच वर्षी जर्मनीने कावाची औषधं बंद केली, पुढे २०१४ मध्ये तिथल्या कोर्टाने ती बंदी उठवली. माझी एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, नॉर्मल निघाली, एवढं बरं.

खरा ओरडा मी पुढे जे विचारलं त्याच्यावर खाल्ला. म्हटलं, मग गोळीच सोडतो, नुसता कावा घेतो. डॉक्टर खुर्चीत सरळ झाले. इतक्या दिवसांची गोळी एका झटक्यात बंद केली तर फिट येऊ शकते म्हणे. आता कावा बंद, अन् गोळी त्यांच्या तक्त्याप्रमाणे थोडी थोडी कमी होते आहे. कालची रात्र वाईट गेली, परवाची बरी होती.

पाकिटाबद्दल माझं एवढंच म्हणणं आहे की शंभर ग्रॅमच्या मालावर योगासनाचा फोटो बसतो, पण एका चमच्यात कावालॅक्टोन, म्हणजे कावातलं गुंगी आणणारं द्रव्य, किती ते बसत नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्यांचं तर नावही नाही. विकणाऱ्याला मेल केला, ‘या गोळ्यांसोबत घेऊ नये’ अशी ओळ तरी छापा म्हणून. दोन दिवसांनी उत्तर आलं: उघडलेलं पाकीट परत घेतलं जात नाही.

एक तारा देतो. तो पार्सल वेळेवर आणणाऱ्या पोराचा.