शिकागो विद्यापीठ: कोशामागचं घर पाहून आले

अठरा वर्षं मी पुस्तकांची प्रुफं तपासते. कामाला बसलं की सगळ्यात आधी उघडते ती शिकागो विद्यापीठाची कोशांची साइट. मोल्सवर्थचा १८५७चा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, वझ्यांचा, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा, फलटणच्या मॅक्सिन बर्नसन यांचा. सगळे एका जागी, तेही फुकट. आमच्या गावच्या वाचनालयात दाते-कर्व्यांचे दोन खंड कधीचेच गहाळ आहेत.

परवाच एका कादंबरीत 'बैल धावेवर आले' असं होतं. नव्या संपादकाने त्याचं 'बैल धावत आले' करून टाकलेलं. मी कोश उघडून दाखवला: मोट ओढताना बैल विहिरीपाशी ज्या उतारावरून ये-जा करतात, ती धाव. लेखकाचं वाक्य बचावलं.

म्हणून यंदा लेकीकडे शिकागोजवळच्या नेपरव्हिलला गेले, तेव्हा हे विद्यापीठ बघायचंच असं ठरवलं होतं. लोकलने युनियन स्टेशन, तिथून चालत तळ्याच्या बाजूला, मग मेट्रा इलेक्ट्रिक या दुसऱ्या लोकलने '५९वा रस्ता' स्टेशन. उतरलं की पाचदहा मिनिटांत करड्या दगडाच्या, टोकदार कमानींच्या इमारती सुरू होतात. वाटतात पाचशे वर्षांच्या. पण तेलसम्राट रॉकफेलरच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या खासगी विद्यापीठात वर्ग भरू लागले ते १८९२ साली. आपले खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३७ पासून अखेरपर्यंत इथलेच.

एलिस अव्हेन्यूवर हेन्री मूरचं काशाचं शिल्प आहे. २ डिसेंबर १९४२ रोजी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली ती इथेच, जुन्या स्टेडियमच्या प्रेक्षक-सज्जाखाली. त्याच मैदानाच्या जागेवर आज रेगेनस्टाइन ग्रंथालय उभं आहे. शेजारी मॅन्सुएटो ग्रंथालयाचा काचेचा घुमट. वर नुसत्या वाचनाच्या टेबलांच्या रांगा, आणि पुस्तकं जमिनीखाली पन्नास फूट खोलवर पेट्यांत. मागितलं की यंत्र ती पेटी वर आणून देतं.

मला मात्र गव्हाची गोष्ट आठवत होती. आई रेशनवरच्या अमेरिकन गव्हाबद्दल अजून बोलते. पीएल-४८० या अमेरिकी कायद्याखाली आलेल्या त्या धान्याचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले, आणि त्यातल्याच काही रुपयांतून १९६२ पासून भारतीय पुस्तकं विकत घेऊन अमेरिकेतल्या ग्रंथालयांना पाठवली गेली. मराठीही त्यात होती, आणि शिकागो त्या ग्रंथालयांपैकी एक. आपण पोळ्या खाल्ल्या आणि पुस्तकं इथे आली. इथे ती जपली गेली, याचं मला फार अप्रूप वाटतं. काचेला हात लावून मी बराच वेळ उभी होते.

जाणाऱ्यांसाठी: आवारात कुणीही फिरावं, हाइड पार्क या वस्तीचे रस्ते त्यातूनच जातात. ग्रंथालयाच्या आत जायचं तर बाहेरच्यांनी परवानगीची चौकशी आधीच करून ठेवावी. आणि घरबसल्या कोश वापरणार असाल तर जुन्या शब्दांवरचा अनुस्वार विसरू नका. 'धाव' सापडली नाही तर 'धांव' लिहून बघा.